फाइल एका वाटेनं, हॅश दुसऱ्या वाटेनं

१८ नोव्हेंबर २०१९ रोजी एका माणसानं मोनेरो या आभासी चलनाचं वॉलेट प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून डाउनलोड केलं. ते चालवण्याआधी त्यानं फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढला आणि प्रकल्पानं जाहीर केलेल्या यादीशी ताडून पाहिला. तो जुळला नाही. त्यानं गिटहबवर, म्हणजे सॉफ्टवेअर प्रकल्पांचा कोड जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर, तशी नोंद टाकली. शोध घेतल्यावर कळलं की फाइल जिथून दिली जात होती त्या सर्व्हरमध्येच कुणीतरी घुसलं होतं. तिथं ठेवलेलं बनावट वॉलेट लोकांच्या पैशाची गुप्त किल्ली परस्पर पळवत होतं. मोनेरोनं लगेच सगळ्यांना सावध केलं.

यात संकेतस्थळ खरं होतं, पत्त्यातलं प्रत्येक अक्षर बरोबर होतं आणि ब्राउझरमध्ये कुलूपही दिसत होतं. "ऑफिशियल साइटवरूनच घ्या" हा सल्ला आपण सगळेच देतो. तो पाळणारा माणूससुद्धा त्या दिवशी फसला असता. वाचला तो ताडून पाहणारा, आणि त्यानं नोंद टाकल्यामुळे त्याच्यामागून येणारे कितीतरी जण.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळांचं काम बघते. सत्र सुरू व्हायच्या आधी उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणाली, पायथन, जावा आणि प्राध्यापकांनी मागितलेली इतर सॉफ्टवेअर एकदाच डाउनलोड करून आमच्या सर्व्हरवर ठेवायची, आणि तिथून ती सगळ्या यंत्रांवर चढवायची, अशी आमची पद्धत. प्रत्येकानं आपापलं डाउनलोड करायचं म्हटलं तर महाविद्यालयाचं इंटरनेट दुपारपर्यंत मान टाकतं. पण या पद्धतीत जोखीमही एकवटते. सर्व्हरवर एक चुकीची फाइल आली की ती प्रत्येक प्रयोगशाळेत जाते, तिथून पेन ड्राइव्हमधून वसतिगृहात आणि सुट्टीत मुलांच्या घरी. म्हणून आमच्याकडे यासाठी एक कागदी नोंदवही आहे. फाइलचं नाव, आवृत्ती, तारीख, फाइल कुठून घेतली, हॅश कुठून घेतला, कुणी ताडला आणि सही, असे रकाने. हॅश हातानं लिहीत नाही. छापलेली पट्टी चिकटवतो. फाइल आणि हॅश या दोन्हींचे "कुठून" मुद्दाम वेगळे ठेवलेत. ते का, हेच सांगण्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

हॅश म्हणजे काय हे थोडक्यात. फाइल कितीही मोठी असो, शा-२५६ तिच्यातल्या प्रत्येक बाइटवरून एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो. सोळाच्या पद्धतीत लिहिला की तो ६४ अक्षरांचा होतो. पाच जीबीच्या फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी साधारण निम्मे बिट उलटतात, त्यामुळे नवा हॅश जुन्यासारखा दिसतच नाही. जवळपास जुळला असं काही नसतं. जुळला किंवा नाही जुळला, एवढंच.

अशा पडताळणीची सवय आपल्याला नकळत आहेच. आधारच्या बारा अंकांमधला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्याची रीत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले तर ती हमखास पकडते. पण ती पकडते हाताची चूक, लबाडी नाही. कारण शेवटचा अंक कसा काढायचा हे लबाडालाही येतं. शा-२५६ कितीतरी पटींनी मजबूत आहे, पण ही गोष्ट त्यालाही लागू आहे. हॅश काढण्यात गुपित काहीच नाही. मी काढू शकते, तुम्ही काढू शकता आणि ज्यानं फाइल बदलली तोही काढू शकतो. त्यामुळे हॅश जुळला एवढ्यानं भागत नाही. ताडायला घेतलेला हॅश आपल्याकडे कुठून आला, हे आधी विचारावं लागतं.

आधी हाताच्या चुकांचं सांगते, कारण आमच्याकडे रोज त्याच निघतात.

महाविद्यालयाच्या फायरवॉलचं लॉगिन मधेच संपलं तर ब्राउझर कधी कधी लॉगिनचं पानच आयएसओच्या, म्हणजे प्रणाली इन्स्टॉल करायच्या अख्ख्या फाइलच्या, नावानं साठवून ठेवतो. ते आकारावरून लगेच कळतं. फाइल रिकामीच उतरली असेल तर तिचा शा-२५६ नेहमी ई३बी०सी४४२ असा सुरू होतो. या कामातल्या लोकांना ती अक्षरं बघता बघता पाठ होतात. त्रास देतात त्या आकार बरोबर असलेल्या फाइली. बसस्टँडसमोर स्वस्तात मिळणाऱ्या पेन ड्राइव्हांमध्ये बनावट क्षमतेचे बरेच असतात. वर ६४ जीबी लिहिलेलं, विंडोजही ६४ दाखवतं, आत चिप मात्र आठची. आठ जीबीच्या पुढे लिहिलेलं कुठेच टिकत नाही, पण फाइलचं नाव आणि आकार यादीत व्यवस्थित दिसतात. उबुंटू इन्स्टॉल होताना अर्ध्यात अडकतं आणि मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन येतो. "मॅडम, साइज तर सेम दाखवतंय की." साइज दाखवणारच. हॅश काढला की खरं काय ते बाहेर येतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. फाइल पेन ड्राइव्हवर टाकल्या टाकल्या हॅश काढू नका. नुकतीच लिहिलेली फाइल संगणकाच्या मेमरीत असते, आणि वाचन पेन ड्राइव्हवरून न होता तिथूनच होण्याची शक्यता असते. मग हॅश जुळतो आणि पेन ड्राइव्ह मात्र खराबच असतो. तो नीट इजेक्ट करा, पुन्हा लावा, आणि मग काढा.

हॅश काढायला काही विकत घ्यावं लागत नाही. लिनक्सवर एसएचए२५६सम ही आज्ञा असतेच, मॅकवर शासम असते, फक्त तिला वजा-ए २५६ जोडावं लागतं. विंडोजवर पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश लिहून पुढे फाइलचं नाव द्यायचं. सांगितलं नाही तर तो शा-२५६च काढतो. जुन्या सवयीचे लोक सर्टयुटिल वापरतात. त्यात मात्र शेवटी एसएचए२५६ लिहायला विसरलात तर तो शा-१ हा जुना, आखूड हॅश काढून देतो, आणि मग चाळीस अक्षरं आणि चौसष्ट अक्षरं समोरासमोर ठेवून "जुळत नाही" म्हणून लोक घाबरतात. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची भीती वाटत असेल तर सेव्हन-झिप बसवलेल्या संगणकावर फाइलवर राइट क्लिक केलं की हॅश काढायचा पर्याय मिळतो. मोठी लिपी, छोटी लिपी असा फरक दिसला तर तो धरायचा नाही.

डोळ्यांनी ताडू नका. आपण पहिली चार अक्षरं बघतो, शेवटची चार बघतो आणि मधली छप्पन्न तशीच सोडून देतो. दोन्ही हॅश एका फाइलमध्ये एकाखाली एक पेस्ट करून यंत्रालाच ताडू द्या. लिनक्सवर प्रकल्पानं दिलेली यादी आणि फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवून एसएचए२५६समला वजा-सी जोडून चालवलं की तो स्वतःच "ओके" किंवा "फेल्ड" सांगतो.

आता लबाडीकडे येते. २० फेब्रुवारी २०१६ला लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली. मिंट १७.३च्या सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलून त्या जागी बल्गेरियातल्या सर्व्हरवरच्या एका आयएसओचा दुवा टाकला गेला. त्या आयएसओत मागचं दार, म्हणजे बाहेरच्याला यंत्रात गुपचूप शिरायची सोय, उघडं ठेवलेलं होतं. लगेच प्रकल्पप्रमुख क्लेमेंट लेफेव्र यांनी स्वतः ते जाहीर केलं आणि खऱ्या फाइलींचे हॅश दिले. ज्याच्या हाती संकेतस्थळाचं पान आहे त्याला दुव्याशेजारचा हॅश बदलायला किती वेळ लागतो? फाइल त्याची आणि हॅशही त्याचाच, मग ते जुळणारच. सोनाराचा काटा त्याच सोनाराच्या वजनांनी तपासण्यासारखं हे आहे.

म्हणून आमच्या नोंदवहीत दोन वेगळे "कुठून" आहेत. फाइल जवळच्या मिररवरून, म्हणजे त्याच फाइलची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून, जिथून लवकर येईल तिथून घेतली तरी चालते. मिरर कुणाचा आहे याची मी फारशी फिकीर करत नाही. हॅश मात्र प्रकल्पाच्या मूळ ठिकाणाहून, आणि शक्य असेल तर महाविद्यालयाच्या इंटरनेटवरून नाही तर माझ्या फोनच्या डेटावरून घ्यायचा. दोन्ही वाटांवर एकाच वेळी एकच चोर बसणं अवघड असतं.

याहून पक्की रीत म्हणजे सही. उबुंटू हॅशांच्या यादीसोबत त्या यादीवरच्या डिजिटल सहीची वेगळी फाइल देतं, डेबियनही देतं. यादी कुणीही बदलू शकेल, पण प्रकल्पाची खासगी किल्ली हाती नसताना तिच्यावर सही करता येणार नाही. जीपीजी नावाच्या साधनानं ती सही तपासायची. मुलांना मी हे एकदा तरी स्वतःच्या हातानं करायला लावते, आणि दर वेळी एकाच जागी सगळे थबकतात. जीपीजी आधी "गुड सिग्नेचर" म्हणतो आणि लगेच खाली ही किल्ली विश्वासार्ह असल्याचं कुणी प्रमाणित केलेलं नाही असा इशारा देतो. मुलांना वाटतं, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. सही या किल्लीनंच केलेली आहे एवढं जीपीजी सांगतो; किल्ली उबुंटूचीच कशावरून, हे ठरवणं तुमच्यावर सोडतो. ते ठरवायचं चाळीस अक्षरांच्या फिंगरप्रिंटवरून, म्हणजे किल्लीच्या ठशावरून, आणि तो ठसाही पुन्हा दुसऱ्या वाटेनं आणायचा. आमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर हे ठसे छापून चिकटवलेत. एकदा खात्री करून घेतली की पुढची कितीतरी वर्षं तीच किल्ली चालते. सगळी मेहनत त्या पहिल्या वेळची असते.

हे सगळं यंत्रानंच परस्पर केलं तर सर्वांत चांगलं. डेबियन-उबुंटूवर ॲप्ट या पॅकेज मॅनेजरनं, म्हणजे सॉफ्टवेअर आणून बसवणाऱ्या साधनानं, काही बसवताना तो सही केलेल्या यादीवरून प्रत्येक पॅकेजचा हॅश न सांगता ताडत असतो. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ सॉफ्टवेअरचा एक मिरर फोडला गेला. २ ते ६ मे या दिवसांत मॅकसाठीची फाइल ज्यांनी तिथून घेतली त्यांच्या यंत्रात प्रोटॉन नावाचं हेर सॉफ्टवेअर शिरलं. पॅनिक या नावाजलेल्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाचा मॅकही त्यात सापडला आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड चोरीला गेला. ही माणसं नवखी नव्हती. त्याच दिवसांत हँडब्रेक १.० किंवा त्यापुढच्या आवृत्तीच्या आतूनच नवी फाइल घेणाऱ्या लोकांना मात्र काही झालं नाही, कारण तो अपडेटर सही तपासल्याशिवाय फाइल बसवतच नव्हता. म्हणून मी मुलांना सांगते, जे पॅकेज मॅनेजरमधून मिळतं ते ब्राउझरमधून आणू नका.

आता आपल्याकडची एक गोष्ट, जी मला फार सतावते. आमच्या गल्लीत एक डीटीपीवाले काका आहेत. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं त्यांचं काम. नवा संगणक घेतला की ते विचारतात, "पोरी, ते गूगलचं मराठी इनपुट टाकून देतेस का?" विंडोजवर ऑफलाइन चालणारं ते साधन गूगलनं देणं केव्हाच बंद केलं. लोकांना मात्र त्याची सवय आहे, म्हणून त्याचे इन्स्टॉलर कुठल्या कुठल्या संकेतस्थळांवरून, कुणाच्या तरी ड्राइव्हच्या दुव्यांवरून आणि व्हॉट्सॲपवरून फिरत असतात. ताडायचं कशाशी? मूळ ठिकाणी फाइलच नाही, तर हॅश कुठून असणार? आणि या साधनातून माणूस आपलं सगळं काही टाइप करतो, बँकेचा पासवर्डसुद्धा. फिरत्या फाइलींसाठी मी एवढंच सांगू शकते की तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब आहे का बघा, आणि असला तर सही कुणाची आहे आणि ती वैध दाखवते का तेही बघा. टॅबच नसेल तर ती फाइल चालवू नका. काकांसाठी मात्र मी काहीच डाउनलोड केलं नाही. विंडोज १०च्या २०१९च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा जोडली की झालं. बोटांना नवं वळण पडायला त्यांना थोडे दिवस लागले, पण आता ते त्यावरच काम करतात.

अजून बऱ्याच ठिकाणी एमडी५ दिसतो, त्याबद्दलही सांगायला हवं. रोनाल्ड रिव्हेस्ट यांचा हा हॅश १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००४ मध्ये वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोडून दाखवला. एकच एमडी५ असणाऱ्या दोन वेगळ्या फाइली त्यांनी बनवल्या. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी शा-१चंही तेच केलं. दुसऱ्या कुणाच्या आधीच्या प्रामाणिक फाइलशी एमडी५ जुळेल अशी बनावट फाइल तयार करणं आजही आवाक्यात नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरची कॉपी तपासायला एमडी५ चालून जातो. पण फाइल बनवणाराच लबाड असेल तर तो आधीपासून दोन फाइली तयार ठेवू शकतो. एक दाखवायची आणि दुसरी वापरायची.

हा फरक आता कोर्टाच्या पायरीवर आला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. कोणत्या रीतीनं काढला ते सांगायला नमुन्यात शा-१, शा-२५६, एमडी५ आणि इतर असे पर्याय दिलेत. ओळखीच्या एक वकीलबाई मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगसाठी हा नमुना भरताना विचारायला आल्या, यातल्या कशावर खूण करू. मी शा-२५६ सांगितलं, आणि हॅश फाइल हातात आल्या क्षणी काढा हेही सांगितलं. महिन्यानं काढलेला हॅश त्या दिवसापासून पुढचंच सांगतो, मधल्या महिन्याचं नाही. पुराव्याच्या नमुन्यात एमडी५ नसायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फाइल आणणाऱ्या माणसाचाच त्यात हितसंबंध असू शकतो.

हॅश आणि सही दोन्ही बरोबर असूनही फाइल घातक असू शकते, हेही लपवण्यात अर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्समधल्या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार सापडलं. ते घालणारा बाहेरचा नव्हता. जिया टॅन या नावानं काही वर्षं काम करून विश्वास मिळवलेला, आवृत्त्या प्रकाशित करण्याचा अधिकार असलेलाच तो होता. आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्या धाग्यावरून त्यांनी सगळं उकललं. इथे हॅशनं आपलं काम चोख केलं होतं. प्रकाशित करणाऱ्यानं जी फाइल दिली तीच लोकांना मिळाली. देणारा कसा आहे, याचं उत्तर हॅशकडे नसतं. तरी त्यातही एक ताडणी कामाची ठरली असती. सही केलेल्या संचात एक अशी ओळ होती जी गिटमध्ये उघड ठेवलेल्या सोर्स कोडमध्ये नव्हती. दोन वाटांनी आलेल्या दोन प्रती कुणी शेजारी ठेवल्या असत्या, तर ती दिसली असती.

हॅश जुळला नाही तर काय करायचं? बहुतेक जण फाइल पुसून पुन्हा डाउनलोड करतात आणि दुसऱ्यांदा जुळला की विषय सोडून देतात. तसं करू नका. फाइल चालवायची नाही, पण पुसायचीही नाही. तिचं नाव बदलून ती बाजूला ठेवा आणि दुसऱ्या नेटवर्कवरून पुन्हा आणा. पहिली फाइल आकारानं लहान निघाली तर डाउनलोड अर्धवट होतं, सोडून द्या. आकार सारखा किंवा थोडासाच वेगळा असेल आणि पुन्हा आणूनही तोच चुकीचा हॅश येत असेल, तर तो अपघात नसतो. खराब डाउनलोड दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं खराब होतं. एकसारखा चुकीचा हॅश म्हणजे तिकडे एक ठरावीक वेगळी फाइल ठेवलेली आहे. ती चुकून ठेवलेली असेल, जसं की नवी आवृत्ती टाकली आणि यादी बदलायची राहिली. किंवा मुद्दाम.

दोन्ही परिस्थितींत प्रकल्पाला कळवा. कोडकव्ह या कंपनीची एक स्क्रिप्ट ३१ जानेवारी २०२१ पासून अधूनमधून बदललेली होती आणि ती वापरणाऱ्या कंपन्यांच्या गुप्त किल्ल्या बाहेर जात होत्या. दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. १ एप्रिलला एका ग्राहकानं गिटहबवर दिलेला हॅश आणि डाउनलोड केलेल्या स्क्रिप्टचा हॅश वेगळा असल्याचं कळवलं, तेव्हा ते उघड झालं. हॅशिकॉर्पसारख्या कंपनीला त्यानंतर आपली जीपीजी किल्ली बदलावी लागली, म्हणजे ज्या किल्लीनं ती स्वतःच्या हॅशांच्या यादीवर सही करत असे तीच.

कळवताना लांबलचक लिहू नका, आणि इंग्रजी कच्चं आहे म्हणून थांबूही नका. फाइलचा पूर्ण दुवा, डाउनलोड केल्याची तारीख आणि वेळ, तुम्हाला मिळालेला हॅश, अपेक्षित हॅश आणि तो कुठून घेतला, एवढं पुरतं. वेळेसोबत ती भारतीय वेळ असल्याचंही लिहा, म्हणजे त्यांना सर्व्हरच्या नोंदींत नेमकी जागा शोधता येते. आणि बाजूला ठेवलेली फाइल त्यांनी मागितली तर द्यायला तयार असू द्या. त्यांनी सर्व्हर साफ केल्यानंतर तिची प्रत कदाचित फक्त तुमच्याकडेच उरलेली असेल.